तीन अधिक आणि एक सेकंद

प्रोजेक्टसाठी येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी मी एकच काम देतो. टेबलावर काडेपेटीएवढा रेडिओ मोडेम असतो, त्याला बोटभर अँटेना, आणि यूएसबीच्या वायरने तो लॅपटॉपला जोडलेला. स्क्रीनवर टर्मिनलची काळी रिकामी खिडकी. मी म्हणतो, ‘‘अधिकचं चिन्ह तीनदा टाइप कर आणि मोडेम काय उत्तर देतो ते सांग.’’

बहुतेक जण +++ टाइप करतात आणि सवयीने लगेच एंटर दाबतात. खिडकी गप्पच. पुन्हा +++, पुन्हा एंटर. कोणी वायर हलवून बघतं, कोणी वेग बदलून बघतं. शेवटी मी सांगतो, ‘‘एंटर नको. टाइप कर आणि हात मागे घे.’’ तीन अधिक जातात, हात मांडीवर येतात, सेकंदभर काहीच होत नाही, आणि मग खिडकीत उत्तर उमटतं: ओके. आता मोडेम ऐकायला तयार आहे. एटीआय लिहिलं की तो आपली ओळख सांगतो. एटीआय५ लिहिलं की आपल्या सगळ्या सेटिंगची यादी समोर ठेवतो. किती ताकदीने बोलायचं, कुठल्या वेगाने, कुठल्या जोडीदाराशी, हे सगळं अक्षरांत लिहून सांगायचं आणि शेवटी एटीओ लिहून त्याला परत कामाला लावायचं.

हा मोडेम ड्रोन आणि जमिनीवरचा संगणक यांच्यामध्ये आकडे पोहोचवतो. टेलिफोनशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी त्याच्या तोंडची भाषा १९८१ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात टेलिफोनच्या कामासाठी घडली, आणि तिची मुळं शोधत गेलं तर आपण तारायंत्रापर्यंत पोहोचतो. तो मागोवा घेताना माझं एक मत पक्कं झालं. या सगळ्या वंशावळीतला सर्वांत मोलाचा शोध म्हणजे ती सेकंदभराची शांतता.

निरोप आणि हुकूम

अडचण जुनी आहे. गवई गाता गाता तबलजीला लय वाढवायला सांगतो ते डोळ्यांनी किंवा हाताने. गळ्यातून गाणं चालू राहतं, खूण दुसऱ्या वाटेने जाते. तारेला ही दुसरी वाट नसते. निरोप त्याच वाटेने जाणार आणि निरोप नेणाऱ्याला द्यायची सूचनाही त्याच वाटेने जाणार. मग ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं, की हे पुढे पोहोचवायचं आहे की आपण स्वतः करायचं आहे?

जहाजांवरच्या बिनतारी यंत्रांपाशी माणसं बसलेली होती, तेव्हा त्यांनी यावर आपला उपाय काढला. लंडनच्या १९१२ सालच्या रेडिओटेलिग्राफ परिषदेत तीन अक्षरी संकेतांची यादी सर्व देशांसाठी ठरली. प्रत्येक संकेत क्यू या अक्षराने सुरू होतो. क्यूआरएस म्हणजे सावकाश पाठव, क्यूआरटी म्हणजे पाठवणं थांबव. पुढे जगातल्या कुठल्याही स्थानकाला क्यूने सुरू होणारं नाव द्यायचं नाही, असाही दंडक झाला. त्यामुळे सुरुवातीला क्यू आला की ऑपरेटर समजतो, हे आपल्यासाठी आहे. हौशी रेडिओवाले आजही हेच संकेत वापरतात. पुढे मोडेमच्या आज्ञेपुढे जी दोन अक्षरं लागणार होती, त्यांचा हा दूरचा पूर्वज.

टेलिप्रिंटर आला आणि खुर्चीतला माणूस उठला. फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७०च्या दशकात पाच खुणांची तारलिपी केली होती. १९०१च्या सुमारास डोनाल्ड मरे याने ती टाइपरायटरसारख्या यंत्रासाठी नव्याने लावली आणि तिच्यात दोन अशा खुणा घातल्या ज्या कागदावर उमटतच नाहीत. एक खूण यंत्राला सांगते, ओळीच्या सुरुवातीला ये. दुसरी सांगते, कागद एक ओळ वर सरकव. निरोपाच्याच तारेवरून यंत्राला हुकूम देणारी ही अक्षरं. १९६३ साली अमेरिकेत आस्की ही संगणकांची लिपी ठरली, तेव्हा १२८ जागांपैकी पहिल्या ३२ जागा अशाच न दिसणाऱ्या खुणांना दिल्या गेल्या. त्यातली तेरा क्रमांकाची खूण म्हणजे मरेची ती ‘सुरुवातीला ये’. माझ्याकडची मुलं सवयीने दाबतात ते एंटर म्हणजे हीच खूण.

फोन उचलणारा माणूस

संगणकाची भाषा टेलिफोनच्या तारेवर घालायची तर एक आणि शून्य यांचे सूर करावे लागतात. हे काम करतो तो मोडेम. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या सेज यंत्रणेसाठी मोडेम मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. १९६२ साली बेल १०३ हा मोडेम आला. सेकंदाला ३०० बिट, तेही दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. फोन करणारी बाजू १०७० आणि १२७० हर्ट्‌झच्या सुरांत बोलायची, फोन घेणारी २०२५ आणि २२२५च्या सुरांत. दोन वेगळ्या पट्ट्यांत चाललेली ही जुगलबंदी, म्हणून एकाचा आवाज दुसऱ्यावर चढत नसे.

पण हा मोडेम आज्ञा ऐकत नव्हता. माणसाने फोन उचलायचा, नंबर फिरवायचा, पलीकडची शिट्टी ऐकायची आणि मग मोडेमला वाट करून द्यायची. संगणकाने स्वतः नंबर फिरवावा असं वाटलं तर बेल ८०१ नावाचा वेगळा डबा मिळायचा, आणि त्याला संगणकावर वेगळं तोंड लागायचं. निरोप एका केबलने, हुकूम दुसऱ्या केबलने. गवयाला डोळे मिळाले, पण ते फार महाग होते.

याच काळात रेडिओने टेलिफोनचं दार उघडलं, ही गोष्ट मला फार आवडते. टेक्सासच्या टॉम कार्टर यांनी कार्टरफोन नावाचं उपकरण केलं होतं. फोनचा रिसीव्हर त्यावर ठेवायचा, की दूर तेलक्षेत्रात दुतर्फी रेडिओवर बोलणारा माणूस टेलिफोनवरच्या माणसाशी जोडला जायचा. टेलिफोन कंपनीने हरकत घेतली, आणि १९६८ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने निर्णय दिला की जाळ्याला अपाय न करणारं बाहेरचं यंत्र जोडायला बंदी करता येणार नाही. पुढच्या दशकात त्याचे नियम झाले आणि छोट्या कंपन्यांचे मोडेम सरळ फोनच्या तारेला जोडता येऊ लागले. रेडिओच्या डब्याने ही वाट काढली नसती, तर पुढची गोष्ट घडायला बराच वेळ लागला असता.

अटलांटा, १९८१

डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन हे दोघे अटलांटातल्या एका डेटा कंपनीतले सहकारी. १९७७ साली त्यांनी छंदाच्या संगणकांसाठी मोडेमचं कार्ड केलं, पुढे ॲपल टूसाठीही केलं. कार्ड संगणकाच्या पोटात बसायचं, त्यामुळे प्रोग्रॅम त्याला थेट हुकूम देऊ शकायचा. पण प्रत्येक जातीच्या संगणकाचं पोट वेगळं, म्हणून प्रत्येकाला वेगळं कार्ड. सगळ्यांकडे सारखं असलेलं एकच तोंड होतं, आरएस-२३२ हा सिरिअल पोर्ट. त्यात अक्षरं जायला एक तार आणि यायला एक तार. अमुक नंबर फिरव, असं सांगायला तिथे जागाच नव्हती.

१९८१ साली आलेल्या स्मार्टमोडेमने या अडचणीला उत्तर दिलं. त्याच्या पोटात छोटा प्रोसेसर होता, आणि प्रोसेसर अक्षरं वाचू शकतो. मग मोडेमच्या दोन अवस्था ठरल्या. आज्ञेच्या अवस्थेत आलेलं अक्षर तो स्वतःसाठी वाचतो. निरोपाच्या अवस्थेत आलेलं अक्षर न वाचता पलीकडे पाठवतो.

प्रत्येक आज्ञा ए आणि टी या अक्षरांनी सुरू होते. अटेन्शन या इंग्रजी शब्दातली ही दोन अक्षरं, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’. पण निवड नुसत्या अर्थावर झाली नाही, त्यात कारागिरी आहे. मोडेमला आधी ठाऊक नसतं की समोरचा संगणक कुठल्या वेगाने बोलतो आहे. सिरिअल तारेवर प्रत्येक अक्षराआधी एक शून्य येतो, आणि ए या अक्षराचा पहिला बिट एक आहे. म्हणजे शून्य किती वेळ टिकला हे मोजलं की एका बिटाची लांबी कळते, आणि वेग सापडतो. पुढचं टी आणखी एक गोष्ट सांगतं. एच्या सात बिटांत एक दोनदा येतो, टीच्या तीनदा. एकाची संख्या सम, दुसऱ्याची विषम. चुका पकडण्यासाठी संगणक जो आठवा बिट जोडतो, तो या दोन अक्षरांत कसा बदलतो यावरून संगणकाची पद्धत ओळखता येते. शास्त्रीय गाण्यात आधी ‘सा’ लावून स्वर जुळवतात, तसं ही दोन अक्षरं लिहितानाच दोन यंत्रांचा सूर जुळतो.

पुढे एकेका अक्षराच्या आज्ञा. डी म्हणजे नंबर फिरव, त्यानंतर टी असेल तर सुरांनी आणि पी असेल तर ठोक्यांनी. ए म्हणजे आलेला फोन घे, एच म्हणजे ठेव, झेड म्हणजे पहिल्यासारखा हो. उत्तरंही शब्दांत: ओके, कनेक्ट, रिंग, नो कॅरिअर, एरर. शब्द नको असतील तर आकडे मिळत, ओकेला ०, कनेक्टला १. सवयी बदलायला एस नावाचे क्रमांक घातलेले खण होते. एस०मध्ये कितव्या घंटेला फोन घ्यायचा ते, एस३मध्ये आज्ञा संपल्याची खूण, म्हणजे तेच तेरा. एस२मध्ये ४३, म्हणजे अधिकचं चिन्ह.

आता खरी गाठ. फोन जोडला गेला, मोडेम निरोपाच्या अवस्थेत गेला, आता आलेलं काहीच तो वाचत नाही. मग त्याला फोन ठेवायला कसं सांगायचं? कुठलं तरी खास अक्षर राखून ठेवलं, तर तेच अक्षर कधीतरी निरोपातही येणार. +++ ठरवलं, तर हा लेख पाठवतानाच मोडेम मध्येच फोन ठेवेल.

हेदरिंग्टनने खूण अक्षरांतून काढून वेळात नेली. तीन अधिकांच्या आधी एक सेकंद काहीच आलेलं नसावं, आणि नंतरही एक सेकंद काहीच येऊ नये. फाइलमध्ये +++ असेल तर ते पुढच्या-मागच्या अक्षरांना खेटून येतं. एकटं, दोन्ही बाजूंना शांतता ठेवून येतं ते फक्त मुद्दाम लिहिलेलं. या शांततेला गार्ड टाइम म्हणतात, आणि तिचीही लांबी एस१२ या खणात सेकंदाच्या पन्नासाव्या भागात लिहिलेली असते, सुरुवातीला ५०. एंटर दाबणाऱ्या मुलांना ओके का मिळत नाही, ते इथे उलगडतं. एंटर हे चौथं अक्षर शांतता मोडतं, आणि मोडेम ते सगळं निरोप समजून हवेत पाठवून देतो.

या एका सेकंदाचं पेटंट हेदरिंग्टनच्या नावावर १९८५च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झालं. आज्ञांची भाषा कोणीही उचलावी आणि सगळ्यांनी उचललीही, ‘हेज कम्पॅटिबल’ हा शब्द मोडेमच्या खोक्यांवर छापला जाऊ लागला. पण शांततेचे पैसे द्यावे लागत. त्यावरून खटले झाले आणि १९९२ साली वरच्या न्यायालयातही हेज कंपनीच्या बाजूने निकाल लागला. पैसे वाचवायला काहींनी शांततेशिवायचे मोडेम केले. +++च्या पाठोपाठ योग्य आज्ञा आणि एंटर आलं की झालं. त्याची किंमत १९९०च्या दशकाच्या अखेरीस कळली. इंटरनेटवर एखाद्याला ‘आहेस का’ विचारणारं पिंग पाठवायचं आणि त्यात +++एटीएच० हा मजकूर घालायचा. पिंगचा नियम असा की आलेला मजकूर तसाच परत पाठवायचा. बिचाऱ्या संगणकाने तो परत पाठवला की त्याचा स्वतःचाच मोडेम ते हुकूम म्हणून वाचायचा आणि फोन ठेवायचा. वाचवलेला सेकंद असा महागात पडला.

आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सेवा खुली केली, तेव्हा ही भाषा घराघरांत आली. फोनची शिट्टी, मग खरखर, मग कनेक्ट. जुन्या एक्स्चेंजला सूर समजत नसत, तिथे एटीडीटीच्या जागी एटीडीपी लिहायचं, की मोडेम चकतीच्या फोनसारखे टकटक ठोके द्यायचा. घरात कोणी दुसरा रिसीव्हर उचलला की नो कॅरिअर. हेज कंपनीने १९९४ साली दिवाळखोरीत संरक्षण मागितलं, १९९८ साली पुन्हा मागितलं, आणि १९९९मध्ये तिचा कारभार आटोपला. भाषा मात्र तोवर धन्याच्या हातातून केव्हाच निसटली होती.

हवेतली चुलत शाखा

रेडिओवाल्यांनी आपली वेगळी वाट धरली होती. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन ॲब्रमसन यांच्या अलोहानेटने १९७१ साली संगणकांचा मजकूर पुड्या बांधून रेडिओवर पाठवला. १९७८ साली कॅनडातल्या माँट्रियलच्या हौशी रेडिओवाल्यांनी तेच आपल्या सेटवर करून पाहिलं. मग व्हँकुव्हरच्या आणि त्यानंतर ॲरिझोनातल्या टुसॉन शहराच्या मंडळींनी त्यासाठी डबे तयार केले. टुसॉनच्या टापर या संघटनेचा टीएनसी-२ हा डबा १९८५ साली आला आणि जगभर पसरला.

याच्या आज्ञा पूर्ण शब्दांत होत्या. डबा आधी ‘सीएमडी:’ असं लिहून वाट पाहायचा. मायकॉल लिहून आपलं रेडिओवरचं नाव सांगायचं, कनेक्ट लिहून समोरच्याचं. इथे टेलिफोनला कधीच न पडलेले प्रश्न होते. टीएक्सडिले ही आज्ञा त्यातली. रेडिओ ऐकण्याकडून बोलण्याकडे वळायला थोडा वेळ घेतो. बटण दाबल्या दाबल्या बोललं तर पहिलं अक्षर गिळलं जातं. म्हणून बोलण्याआधी किती थांबायचं, ते सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगायचं. वॉकीटॉकीवर बोललेल्या प्रत्येकाला ही अडचण ओळखीची आहे.

या डब्यालाही कसलाही मजकूर न वाचता पाठवायची एक अवस्था होती. तिच्यातून बाहेर पडायला एक सेकंद थांबायचं, कंट्रोल-सी तीनदा द्यायचं आणि परत एक सेकंद थांबायचं. टेलिफोनच्या शाखेत तीन अधिक, रेडिओच्या शाखेत तीन कंट्रोल-सी, आणि दोन्हीकडे आजूबाजूला शांतता. ज्या तारेला डोळे नाहीत, तिथे खूण करायला थांबण्याखेरीज फारसं काही हाताशी उरत नाही, याचा हा पुरावाच.

पुढे १९८७च्या आसपास फिल कार्न आणि माइक चेपोनिस यांनी किस नावाची पद्धत मांडली. तिच्यात शब्द नाहीत. प्रत्येक पुडीच्या सुरुवातीला एक अंक सांगतो की आत निरोप आहे की हुकूम. यंत्रायंत्रांत बोलायला हे जास्त सोयीचं. वंशाचे हे दोन स्वभाव तेव्हापासून शेजारी शेजारी चालत आले आहेत: माणसाला वाचता येणारा आणि यंत्राला झेपणारा.

खिशातला मोडेम

जीएसएम मोबाइलची सेवा १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झाली. लॅपटॉपला हा फोन मोडेम म्हणून जोडायचा, तर कुठली भाषा वापरायची? लोकांच्या हातात असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना एटी येत होती. म्हणून युरोपच्या प्रमाण संस्थेने जीएसएम ०७.०७ आणि ०७.०५ या कागदांत तीच भाषा पुढे नेली. त्याच सुमारास, १९९५ साली, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने व्ही.२५टर या नावाने तिला पंगतीत बसवलं. पुढे त्याचंच नाव व्ही.२५० झालं.

एकेका अक्षराचं धन तोवर संपलं होतं. मग नव्या आज्ञांच्या आधी अधिकचं चिन्ह आलं, त्यापुढे गोत्र सांगणारं अक्षर: एफ फॅक्सचं, व्ही आवाजाचं, सी मोबाइलचं. व्याकरणही पक्कं झालं. आज्ञेनंतर प्रश्नचिन्ह लिहिलं तर ‘आता काय आहे’. बरोबर आणि प्रश्नचिन्ह लिहिलं तर ‘काय काय चालेल’. नुसतं बरोबर लिहून पुढे आकडा दिला तर ‘असं कर’. एटी+सीएसक्यू लिहिलं की फोन रेंज सांगतो, ० ते ३१. शून्य म्हणजे उणे ११३ डीबीएम किंवा त्याहून कमी, आणि तिथून प्रत्येक आकड्याला दोन डीबीएमची चढण.

एसएमएस पाठवायची आज्ञा मला या सगळ्यात सुंदर वाटते. एटी+सीएमजीएस, पुढे नंबर, मग एंटर. मोडेम ‘>’ असं चिन्ह काढून थांबतो, जणू ‘सांगा, लिहून घेतो’. मजकूर लिहायचा आणि कंट्रोल-झेड दाबायचं. एका एसएमएसला १४० बाइटची जागा असते. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांची, म्हणून १६० बसतात. देवनागरीला प्रत्येक खुणेला सोळा बिट, म्हणून ७०. त्यातही ‘क्षितिज’ लिहिलं तर वेलांट्या आणि जोडाक्षर धरून सात खुणा खर्च होतात. पुढे जागा वाचवायला भाषावार तक्ते आले. त्या यादीत हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू आहेत, मराठीचा स्वतंत्र तक्ता नाही. देवनागरी म्हणजे हिंदी, या समजुतीची ही तांत्रिक खूण प्रमाणाच्या कागदात राहून गेली आहे, आणि ती मला खटकते.

महाराष्ट्रात ही भाषा सर्वांत जास्त कुठे बोलली जात असेल, तर ती विहिरीवर. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते. अंधारात साप-किरडू टाळत मोटार चालू करायला जाणारा शेतकरी आता घरून मिस्ड कॉल देतो. मोबाइल स्टार्टरच्या डब्यात जीएसएमचं मॉड्यूल असतं आणि शेजारी एक छोटा मायक्रोकंट्रोलर. अशा डब्यांत साधारण असा संवाद होतो: मॉड्यूल म्हणतं रिंग, आणि पाठोपाठ फोन करणाऱ्याचा नंबर सांगतं. मायक्रोकंट्रोलर नंबर पडताळतो, एटीएच लिहून फोन तोडतो आणि रिले ओढतो. मोटार सुरू. रिंग आणि एच हे १९८१च्या स्मार्टमोडेमचेच शब्द. ज्यांनी ते घडवले, त्यांच्या मनात उसाला पाणी देणं नक्कीच नसेल.

पुन्हा रेडिओकडे

मग भाषा फिरून रेडिओवर आली, आणि या वेळी मध्ये टेलिफोन उरला नाही. २००५च्या आसपास आलेल्या एक्सबी या छोट्या मॉड्यूलांत +++ आहे, आधी-नंतर एक सेकंद शांतता आहे, ओके आहे. नंबर फिरवायचा नसल्यामुळे डी या अक्षराला तिथे दुसरी कामं लागली. एटीसीएच म्हणजे चॅनल, एटीआयडी म्हणजे जाळ्याची ओळख, एटीडब्ल्यूआर म्हणजे हे सगळं लक्षात ठेव. दहा सेकंद काही सांगितलं नाही तर मॉड्यूल आपणहून निरोपाच्या कामाला परततं.

माझ्या टेबलावरच्या मोडेमात सिक नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. मायकेल स्मिथ आणि ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांच्यासारख्यांनी ते ड्रोनच्या रेडिओंसाठी लिहिलं. त्यात हेजचे एस खण जसेच्या तसे आहेत, आतला माल तेवढा बदलला आहे. एस३मध्ये आता आज्ञेच्या शेवटाची खूण नसून जाळ्याचा क्रमांक असतो. एस४मध्ये बोलण्याची ताकद. जुन्या वाड्यातले कोनाडे दिव्यांसाठी केलेले, आता तिथे मोबाइल चार्जिंगला ठेवतात, तसंच हे.

पण या मोडेमने एक नवी गोष्ट केली. एटीऐवजी आरटी लिहिलं की तीच आज्ञा हवेतून जाऊन पलीकडच्या मोडेमला लागू होते. त्यात एक धडा आहे, आणि तो प्रत्येकाला एकदा तरी चुकूनच कळतो. जाळ्याचा क्रमांक बदलायचा असेल तर आधी पलीकडचा बदलायचा, मग आपला. आपला आधी बदलला तर पलीकडच्याला काही सांगायची वाटच बंद होते, आणि डोंगरावर बसवलेल्या मोडेमपाशी लॅपटॉप घेऊन चढून जावं लागतं.

ती का टिकली

या भाषेच्या उणिवा खऱ्या आहेत. सेकंदाला शेकडो पुड्या पाठवणाऱ्या यंत्राला दर आज्ञेसाठी दोन सेकंद गप्प बसणं परवडत नाही, म्हणून एक्सबीतही शब्दांशिवायची वेगळी पद्धत ठेवलेली आहे. शिवाय उघडी भाषा सगळ्यांनाच उघडी असते. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ११ कंपन्यांच्या दोन हजारांहून अधिक अँड्रॉइड फर्मवेअरमध्ये शोध घेतला, तेव्हा सुमारे ३,५०० एटी आज्ञा सापडल्या. त्यातल्या काही यूएसबीच्या वायरवरून फोनचं कुलूप ओलांडू शकत होत्या. ज्या दारातून दुरुस्ती करणारा येतो, त्यातूनच चोरही येतो. ते दार राखायची जबाबदारी बनवणाऱ्यांची आहे, आणि ती त्यांनी नीट पाळली नव्हती.

तरीही नव्या मॉड्यूलच्या माहितीपत्रात एटीचं प्रकरण असतंच. दोन तारा आणि अक्षरं पाठवता येणारी कुठलीही चिप एवढ्यावर तिचं भागतं, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्टार्टर चालेनासा झाला तर तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला मायक्रोकंट्रोलर बाजूला काढून तिथे आपला लॅपटॉप लावू शकतो आणि मॉड्यूलला स्वतः विचारू शकतो: सिम दिसतंय का? रेंज किती? जाळ्यात नाव नोंदलं का? उत्तर त्याला वाचता येतं. यंत्रांच्या संभाषणात माणसाची एक खुर्ची या भाषेने रिकामी ठेवली. जहाजावरचा ऑपरेटर ज्या खुर्चीवरून उठला, तीच ही.

मुलांना मी हा सगळा इतिहास पहिल्या दिवशी सांगत नाही. आधी +++ टाइप करू देतो, आधी चुकू देतो. सतत मजकूर ओतणाऱ्या यंत्राला असं मध्येच थांबायचं कारण नसतं. थांबतो तो ज्याला उत्तर हवं आहे. हेदरिंग्टनने मोडेमला एवढंच ओळखायला शिकवलं, आणि चाळीसहून अधिक वर्षं मोडेम ते विसरलेला नाही. शिकायचं आपल्याला असतं. म्हणून टेबलापाशी उभा राहून मी पुन्हा सांगतो, ‘‘हात मागे घे. मोज, एक.’’ आणि ओके येतं.